रविवार कोणाचा?

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेच्या संपादक-भगिनींचा निरोप आला की, "तुम्ही शाळेत इतिहास शिकवीत होता, तेव्हा काहीतरी ऐतिहासिक लिहा." इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गड-किल्ले उभे राहतात, नाहीतर लढाया आणि तहनामे. मीही वर्गात तेच शिकविले. परंतु निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून निवांतपणे वाचताना माझ्या ध्यानात आले की, ज्या इतिहासाने माझ्या आईचा दिवस घडविला, तो मी मुलींना कधी शिकविलाच नाही. म्हणून आज एका साध्या गोष्टीचा इतिहास सांगावा असे मी योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे रविवारची सुट्टी.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल की रविवारच्या सुट्टीत कसला आला आहे इतिहास? रविवार येतो आणि जातो. घरातली मंडळी उशिरा उठतात, दोनदा चहा मागतात, आणि आपले काम दुपटीने वाढते. ते खरेच आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण आधी थोडे मागे जाऊ.

माझा जन्म गिरणगावातला. परळच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो. वडील साचेखात्यात होते. आई वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. पहाटे भोंगा झाला की साऱ्या चाळीचे दिवे लागत. आई चारला उठून पाणी भरी, भाकऱ्या बडवी, आणि कामावर जाई. संध्याकाळी परत आली म्हणजे तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. एकदा मी तिला म्हटले, "आई, तू म्हातारी झालीस." ती हसली आणि पदराने केस झटकून चुलीपुढे बसली.

रविवारी भोंगा होत नसे. तरीही आई चारलाच उठे. गोधड्या धुणे, दळण आणणे, आम्हाला न्हाऊ-माखू घालणे, आठवड्याचे मिरची-मसाले कांडणे, हे सारे त्या एका दिवशी. तरी पण तिचा चेहरा वेगळा दिसे. दुपारी शेजारच्या बायका ओट्यावर बसून एकमेकींच्या डोक्याला तेल लावीत आणि हसत. हसणारी आई मला रविवारीच भेटे. एकदा मी तिला विचारले, "रविवारीच का गं सुट्टी असते?" ती म्हणाली, "साहेब लोकांचा देवाचा वार, म्हणून. साहेबाने दिली आपल्याला."

आईची ही समजूत चुकीची होती. पण दोष तिचा नव्हता, कारण तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि मला इतिहासाच्या शिक्षिकेलाही ते साठी उलटल्यावर कळले.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापडगिरणी १८५४ साली काढली, आणि १८५६ साली ती ताडदेवला चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांच्या चिमण्या परळ-लालबागपर्यंत पसरल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून माणसे मुंबईला येऊ लागली. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती. साहेबाचा देवाचा वार तेथे पाळला जाई. गिरणीत मात्र तो पाळला जात नसे. तेथे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही मोठे होई! सणावारी गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे पुसायला माणसे बोलावीत. पगारही वेळेवर होत नसे. एका महिन्याचे पैसे हाती पडायला दुसरा महिना उलटून जाई, आणि तोवर वाण्याचे आणि सावकाराचे व्याज चढत राही.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये असे ठरविले. सात वर्षांची मुले म्हणजे आपल्याकडच्या दुसरीतल्या मुली! त्यांच्यासाठी नऊ तास ही त्या काळी दया समजली गेली. मोठ्या माणसांसाठी आणि स्त्रियांसाठी त्या कायद्यात कामाच्या तासांची कसलीच मर्यादा नव्हती.

अशा वेळी पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली जन्मलेले हे गृहस्थ महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि सत्यशोधक. काही काळ ते स्वतः गिरणीत कोठारावर नोकरीला होते, त्यामुळे आतली परिस्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. १८८० साली नोकरी सोडून त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र मुंबईहून चालविण्यास घेतले. मजुरांची गाऱ्हाणी छापणारे पत्र तोवर जवळजवळ नव्हतेच.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्यांतून ज्या मागण्या पुढे आल्या, त्या आज वाचल्या तर कोणालाही नवल वाटेल, इतक्या त्या साध्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत काही आधार मिळावा. या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार मजुरांच्या सह्या होत्या.

मालकांचे म्हणणे असे की, मजूर तसेही मन मानेल तेव्हा घरी राहतात, गावी निघून जातात. त्यांना ठरलेली सुट्टी हवी कशाला? हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी ते पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

सहा वर्षे अशीच गेली. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. आणि त्या सभेत, भगिनींनो, दोन गिरणीकामगार स्त्रियांनी उभे राहून भाषण केले!

हे मी प्रथम वाचले तेव्हा चष्मा काढून पुन्हा पुसला. साल १८९०. रमाबाई रानडे किंवा पंडिता रमाबाई यांच्यासारख्या चार-दोन सुशिक्षित स्त्रिया सभेत बोलत, तर त्यावरून केवढी टीका होई! येथे तर बाराबारा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या दोन बाया. बहुधा अक्षरओळखही नसेल. पायांत वहाणा असतील की नसतील. आपल्याच गावचे, आपल्याच खात्यातले, नात्यागोत्यातले हजारो पुरुष समोर बसलेले. दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमापुढे, त्याच नायकिणीपुढे जाऊन उभे राहायचे होते. तरी त्या उठल्या आणि बोलल्या.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कारखाना कायदा सुधारून आठवड्याची सुट्टी सर्वांसाठी कायद्यात आली. स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली, मध्ये दीड तासाची विश्रांती आली, आणि रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात त्यांना कामावर ठेवण्यास सामान्यतः मनाई झाली.

तेव्हा रविवार साहेबाने दिला नाही. तो मागून, भांडून, सहा वर्षे वाट पाहून मिळविला. आपल्या लोकांना तो परकाही वाटला नसेल, कारण रविवार हा खंडोबाचाही वार.

त्या वर्षातली आणखी एक हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९० च्याच सुमारास मुंबईच्या न्हावी बांधवांनी सभा घेऊन, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निश्चय जाहीर केला. त्यामागेही लोखंडे यांची प्रेरणा होती. स्वतःच्या पोटावर पाय आला तरी चालेल, पण या कामाला हात लावणार नाही, असे म्हणणारे ते गरीब कारागीर! मजुरांची चळवळ आणि स्त्रियांची चळवळ या दोन वेगळ्या वाटा आहेत असे आपण समजतो. त्या वर्षी तरी त्या एकाच वाटेने चालल्या होत्या.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेले. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. त्या दोन स्त्रियांची नावे मात्र मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाहीत. त्या काय बोलल्या तेही सापडले नाही. दोन स्त्रिया बोलल्या, एवढीच एक ओळ. जी पुस्तके उघडावी त्यांत तीच एक ओळ.

या कायद्यांनी सगळे दुःख सरले असे मात्र समजू नये. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स या बाईंना गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमले. चाळीत हिंडताना त्यांना एका खोलीत सहा चुली मांडलेल्या दिसल्या. खोली पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. सहा चुली म्हणजे सहा कुटुंबे. लहानथोर मिळून तीस माणसे. आणखीही एक गोष्ट त्यांना दिसली. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. आज आपण हे ऐकून शहारतो. पण ज्या बाईला दिवसभर पोर कोणापाशी ठेवावे हे ठाऊक नाही, आणि कामावर गेली नाही तर चूल पेटणार नाही, तिला नावे ठेवणे सोपे असते. पोर जागे झाले तर रडेल, भुकेले होईल, चुलीपाशी रांगत जाईल, म्हणून ती त्याला निजवून जाई.

याच पार्श्वभूमीवर मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. १९२८ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले की, बाळंतपणाच्या आधी नि नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे. मालकाने तिच्या श्रमाचा लाभ घेतला, तेव्हा त्या भाराचा वाटा त्यानेही उचलावा, असेही त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला आणि बारा आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. २०१७ साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. माझा धाकटा भाऊ १९५५ साली जन्मला, तेव्हा आईला रजेचे पैसे मिळाले होते. नंतर ती त्याला गिरणीच्या पाळणाघरात घेऊन जाई. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते. आमच्या घरात बाळगोळीवाचून वाढलेले ते पहिले मूल, असे आजी मोठ्या कौतुकाने सांगे. म्हणजे मला कसे वाढविले, ते वाचकांनी समजून घ्यावे!

आता या गोष्टीची दुसरी बाजू. स्त्रियांना रात्रपाळी नाही, बाळंतपणाची रजा द्यावी लागते, पाळणाघर ठेवावे लागते, तेव्हा बाईपेक्षा पुरुषच बरा, असा हिशेब गिरण्यांत होऊ लागला. त्यात नवी यंत्रे आली. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत त्या शेकड्यात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. वाइंडिंग आणि रीळिंग ही तर स्त्रियांची खाती. यंत्रे तीन पाळ्या चालू लागली तशी तेथेही पुरुष आले. कायद्याने बाईला दुखापतीपासून राखले, पण कामावरच ठेवले नाही तर राखायचे कोणाला?

१९६७ साली माझ्या आईला घरी बसविले. बावीस वर्षांची नोकरी. हाती थोडे पैसे दिले. त्या दिवशी ती रडली नाही. केस विंचरताना आता तंतू निघत नाहीत म्हणून तिने चार दिवसांनी डोळे पुसले.

मग तिने खानावळ घातली. गावाकडचे बाराजण दोन वेळा जेवायला येत. गिरणगावात अशा खानावळी घरोघर होत्या, आणि एकट्या मुंबईत आलेल्या हजारो पुरुषांची पोटे त्यांच्यावर चालत. खानावळवाल्या बाईला रविवार म्हणजे सर्वांत कठीण दिवस. कारण कामगारांची सुट्टी, म्हणून मटणाचा बेत! आठवडाभर डाळ-भाकर खाणारी माणसे त्या दिवशी हात आखडता घेत नसत. आई पहाटेपासून वाटण वाटी, आणि शेवटचे ताट उचलीपर्यंत चार वाजत. ओट्यावर तेल लावायला बसलेल्या बायकांत ती मला पुन्हा दिसली नाही. तिच्या हातून गिरणी गेली, त्याबरोबर तिचा रविवारही गेला.

वडिलांचा रविवार मात्र राहिला. तो आईच्या कामावर उभा होता. भगिनींनो, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. एकाची सुट्टी ही पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी न मिळालेल्या सुट्टीवर उभी असते.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आपणही महिला मंडळच आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मंडळ म्हणजे हळदीकुंकू, सहल आणि पाककृती-स्पर्धा एवढेच नव्हे. तेही असावे, मला स्वतःला सहली फार आवडतात. पण मंडळाच्या हाती याहून मोठे काम होऊ शकते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. माझे वडील त्यानंतर कामावर गेले नाहीत. चाळीतल्या कितीतरी घरांत पुरुष बसून राहिले, आणि बायका पदर खोचून बाहेर पडल्या. कोणी पापड लाटले, कोणी भाजी विकली. पुष्कळजणी लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागल्या. ज्या कामाला भोंगा नाही, हजेरीपट नाही, आणि रविवारही नाही, त्या कामात त्या गेल्या.

आता आजच्या दिवसाकडे येते. आपल्या मुली-सुना कचेऱ्यांतून, बँकांतून, संगणकावर काम करतात. त्यांच्यासाठी कायदे आहेत. कामाच्या जागी छळ झाला तर तक्रार ऐकण्यासाठी दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत समिती असलीच पाहिजे, असा कायदा २०१३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने एकोणतीस कामगार कायदे एकत्र करून चार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत स्त्रीला तिच्या संमतीने रात्रपाळी करता येते. तरी माझी सून रविवारी जेवताना फोन उलटा करून ठेवते, आणि तो थरथरला की तिचा घास हातातच राहतो. कायद्यात सुट्टी आहे. ती घरापर्यंत पोचायची बाकी आहे.

पण आज मला लिहायचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी नाही. आमच्या घरी नऊ वर्षे काम करणाऱ्या मावशींविषयी लिहायचे आहे. त्या आपल्या सोसायटीतल्या पाच घरी जातात. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तीन दिवस त्या आल्या नाहीत. महिन्याच्या अखेरीस मी तीन दिवसांचे पैसे कापले. हिशेब हा हिशेब, असे मी मनाशी म्हटले. त्यांनी पैसे मोजले, कनवटीला लावले, आणि काही न बोलता भांडी घासायला बसल्या. त्याच आठवड्यात मी ग्रंथालयात १८८४ च्या मागण्या वाचीत होते. दुखापत झाली तर आधार मिळावा, ही मागणी वाचताना मला आमच्या मोरीतून येणारा भांड्यांचा आवाज आठवला. गिरणीकामगाराची मुलगी मी. घरची मालकीण झाल्यावर मी गिरणीमालकासारखेच वागले. दुसऱ्या दिवशी मी ते पैसे परत दिले. पण पैसे परत देणे ही माझी मर्जी झाली. त्यांचा हक्क झाला नाही.

घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती असावी असे म्हटले आहे. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. तेव्हा मावशींना रविवार मिळायचा तर तो तूर्त कायद्याने नव्हे, आपल्या हातूनच मिळायचा आहे.

म्हणून मी गेल्या महिन्याच्या सभेत ठराव मांडला, तो आपल्याला आठवत असेल. आपल्या सोसायटीत काम करणाऱ्या सर्वांना महिन्यातून चार पगारी सुट्ट्या, आजारपणात काही दिवस पैसे न कापणे, आणि दिवाळीला एक पगार. त्यावर चर्चा झाली, ती खेळीमेळीची होती, पण निर्णय झाला नाही. कोणी म्हणाल्या, "त्या तशाही दांड्या मारतातच की! ठरलेली सुट्टी कशाला?" भगिनींनो, वाक्य ओळखीचे वाटते ना? हे वाक्य बोलणाऱ्या भगिनी माझ्या जिवलग मैत्रीण आहेत, आणि त्यांच्या घरच्या मावशींना त्या सणाला लुगडे घेतल्याशिवाय राहत नाहीत, हेही मी जाणते. प्रश्न मायेचा नाही. माया माझ्या आईच्या नायकिणीलाही होती. ती दस्तुरी घेई आणि आजारपणात भाकरीही पाठवी.

दुसरी अडचण अधिक खरी होती. एका भगिनीने विचारले, "मावशी पाच घरी जातात. मी रविवारी सुट्टी दिली आणि बाकी चौघींनी दिली नाही, तर त्यांना सुट्टी कशी मिळाली?" अगदी बरोबर. चार घरी जाणे चुकत नसेल तर पाचव्या घरची रजा म्हणजे अर्ध्या तासाची फुरसत. म्हणूनच १८९० साली एखाद्या दयाळू मालकाने भागले नसते. सर्व गिरण्यांनी एकाच दिवशी यंत्रे थांबवायची होती. एकटीने दिली ती मेहेरबानी. सर्वांनी मिळून, ठरलेल्या दिवशी, लिहून दिली, म्हणजे ती सुट्टी. हे काम एका घराचे नाही, मंडळाचे आहे. आणि रविवारी पाहुणे येतात म्हणून तो दिवस अडचणीचा वाटत असेल तर दुसरा वार ठरवावा. पण सर्वांचा एकच ठरवावा.

आता एकच सूचना करते आणि लेख पुरा करते. वर्धापनदिनानंतरच्या सभेत हा ठराव पुन्हा येणार आहे. त्याविषयी आपणच आपापसांत बोलून ठरविण्यापेक्षा, ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यापैकी दोघींना आपण सभेला बोलावू. खाली सतरंजीवर नव्हे, आपल्याबरोबर खुर्चीवर बसवू. त्यांना कोणता वार सोयीचा, सुट्टी हवी की जादा पैसे हवेत, हे त्यांच्याच तोंडून ऐकू. मी मावशींना विचारले आहे. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मी काय बोलणार, बाई?" दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता त्यांनी आपणहून विचारले, "सभा किती वाजता आहे?"

आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात कोण बोलले याची नोंद चिटणीस नेहमी नीट ठेवतात. त्या दिवशी त्या दोघींची नावे, आडनावासह, तेवढी स्वच्छ अक्षरात लिहावीत, अशी माझी त्यांना आगाऊ विनंती आहे.

मंडळाच्या पुढील पंचवीस वर्षांस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.